रफिकभाईंच्या गाडीतले हरवलेले घोडे

“मॅडम, कंपनीच्या पुस्तकात सत्तावन्न हॉर्सपॉवर लिवलंय. तुमी एकतीस म्हणून राहिलात. बाकीचे घोडे गेले कुठं?”

रफिकभाई हे तिसऱ्यांदा विचारत होते. लातूरबाहेरच्या एका सरळ, मोकळ्या रस्त्याच्या कडेला आम्ही उभे होतो. सकाळपासून चार फेऱ्या झाल्या होत्या आणि माझं डोकं तापलं होतं.

मी लातूरच्या एका पॉलिटेक्निकात ऑटोमोबाइलची लॅब सांभाळायची. आता रिटायर आहे. रफिकभाईंचं देगलूरच्या मोंढ्यात, धान्यबाजारात, अडतीचं दुकान, म्हणजे शेतकऱ्यांचा माल कमिशनवर विकून द्यायचा धंदा. त्यांची तूर लातूरच्या एका डाळमिलला येते, आणि मिलवाल्यानंच त्यांना माझ्याकडे धाडलं होतं. गाडी चौदा वर्षांची, डिझेल. इंजिन कंपनीतून आलं तसंच, काही बदल न केलेलं. चढ आला की ते दम टाकायचं. नांदेडच्या मिस्त्रीनं सांगून टाकलं होतं, इंजिन म्हातारं झालंय, उतरवावं लागेल, महिनाभर गाडी इथं सोडा.

तो महिनाच रफिकभाईंकडे नव्हता. त्यांच्या अम्मींचं आठवड्यातून दोनदा नांदेडला डायलिसिस असायचं. एसटीची पायरी अम्मींना चढवत नव्हती. मागच्या खेपेला गाडी चढावर दुसऱ्या गिअरवर रांगली, पोचायला उशीर झाला, नंबर गेला, आणि अम्मी दुपारपर्यंत बाकड्यावर बसून राहिल्या. इंजिन खरंच खोलायला पाहिजे का, एवढंच त्यांना कळायला हवं होतं.

अशा मोजणीला खरं तर डायनो लागतो. गाडीची चाकं रोलरवर पळवून ताकद सांगणारं मशीन. ते माझ्याकडे नाही. पण गाडीचं वजन पक्कं माहीत असलं आणि तिला पन्नासवरून ऐंशीच्या वेगाला जायला किती सेकंद लागतात ते मोजलं, की ताकद कागदावर काढता येते. वाऱ्याचा अडथळा त्यात वेगळा धरायचा. रस्त्याला बारीक उतार असू शकतो, म्हणून जाताना आणि येताना, दोन्हीकडून मोजायचं.

वजनापासूनच वैतागाला सुरुवात झाली. डाळमिलच्या वजनकाट्यावर गाडी चढवली आणि रफिकभाई सवयीनं खाली उतरले.

“बसा आत! तुमच्यासकट वजन पाहिजे.”

“काट्यावर डायवर उतरतोच की मॅडम.”

कसेबसे आत बसवले. आम्हा दोघांसकट बाराशे चाळीस किलो भरले. मी लिहून घेणार तोच ते म्हणाले, “कडता धरून बाराशे वीस लिवा.” पोत्यात माती-काडी असणार म्हणून व्यापारी वजनातून आधीच थोडं कापतात, तो कडता.

“अहो, मोटारीत कसली आलीय माती-काडी?” मी ओरडलेच. त्यांनी तोंड एवढंसं केलं. त्या वाक्याची मला पुढं लाज वाटायची होती.

रस्त्यावर ते गाडी चालवायचे आणि मी शेजारी बसून मोबाइलवर वेळ लावायची. गाडी तिसऱ्या गिअरवर ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. जाताना साडेनऊ सेकंद, येताना साडेदहा. पुन्हा तेच. हिशेब केला, चाकावर एकतीस हॉर्सपॉवर. पुस्तकातला आकडा इंजिनाचा असतो, गिअरबॉक्समधून चाकापर्यंत येताना थोडी ताकद गळतेच. पण ती गळती धरूनही अठ्ठेचाळीसच्या आसपास हवी होती. एकतीस म्हणजे फारच वाईट.

“पाय पूर्ण दाबला होता ना?”

“फुल्ल दाबून राहिलो की! खाली टेकवला. आन् गंमत बघा, मिस्त्रीनं बोनेट उघडून हातानं रेस दिली की बेंबीच्या देठापासून वरडतंय. रस्त्यावरच दम न्हाई.”

इथंच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. विद्यार्थी असता तर मीच त्याला फैलावर घेतलं असतं. पण मी वैतागलेली.

“उतरा. मी चालवते.”

“न्हाई मॅडम, गाडी मी कुणाच्याच हातात देत न्हाई.”

“मग मिस्त्रीला इंजिन देणार होतात ते?”

ते उतरले. मी बसले, तिसरा गिअर टाकला, पाय दाबला आणि चमकले. पेडल लोखंडावर आपटलं की पाय टक्कन थांबतो. इथं तो गादीवर टेकल्यासारखा थांबला. मी गाडी कडेला घेऊन पायाखालची मॅट उचलली.

खाली बारदान होतं, तागाचं रिकामं पोतं. घडी घातलेलं. त्याखाली अजून एक. त्याखाली तिसरं, चेपून पाटीसारखं घट्ट झालेलं.

“मोंढ्यातून आलं की पायाला लई भुसा-फोलकट असतंय,” रफिकभाई म्हणाले. “म्हणून हंगामाला एक टाकतो.”

“आणि जुनं?”

“ऱ्हातंय की खाली.”

हंगामाला एक बारदान, आणि हंगामागणिक इंजिन म्हातारं. पेडल तळापर्यंत जातच नव्हतं; मिस्त्री बोनेटमधून हातानं रेस द्यायचा तेव्हा पेडल मध्ये नसायचं, म्हणून इंजिन जोरात ओरडायचं. तिन्ही काढून पुन्हा फेऱ्या मारल्या. जाता-येताची सरासरी साडेसहा सेकंद. चाकावर पंचेचाळीस. चौदा वर्षांच्या इंजिनाला आणखी काय पाहिजे!

मला वाटलं, माणूस नाचेल. ते बारदानं हातात धरून रस्त्याकडे बघत उभे राहिले.

“म्हंजी अम्मीला मीच अडवून राहिलो होतो, मॅडम.”

माझा सगळा राग तिथंच विरला. मी म्हटलं, “मीही चार फेऱ्या मारल्या, रफिकभाई. मॅट मीही उचलली नव्हती. आणि मोटारीत माती-काडी असते, हे तुमचंच खरं निघालं.” लॅबमध्ये एवढी वर्षं घालवलेल्या बाईला हे कबूल करताना जड गेलं.

शुक्रवारी नांदेडहून फोन आला. गाडी चढ तिसऱ्या गिअरवर चढली होती, ते वेळेआधी पोचले होते.

“अम्मी इचारून राहिली, इंजिन नवं बसवलं का?”

“मग काय सांगितलंत?”

“हाव म्हणलो,” ते म्हणाले. “खरं सांगायचं तोंड कुठाय मला?”

आता कुणी मरगळलेली गाडी घेऊन आला, की मी कागद-पेन नंतर काढते. आधी वाकून मॅट उचलते.