दसऱ्याला उजळलेला सात नंबरचा पटर

शुक्रवार, २६ ऑक्टोबर २००१, दसरा. मस्कतमधला वादी कबीरचा फ्लॅट, सकाळचे साडेआठ. हजर: मी, बायको, आमची बारा वर्षांची मुलगी आणि बायकोचा धाकटा भाऊ. तो इथल्याच एका वर्कशॉपमध्ये फिटर होता आणि सुट्टी म्हणून आदल्या संध्याकाळी आमच्याकडे आला होता. शिवाय सतरंजीवर ओळीने मांडलेले माझे अकरा पटर.

पटर म्हणजे गोल्फमध्ये शेवटी चेंडू हलकेच भोकात लोटायची काठी. मी जमवायचो ते दुकानातले नव्हेत. मोठ्या स्पर्धा खेळणाऱ्या एखाद्यासाठी कारागिराने पोलादाच्या ठोकळ्यातून एकेक करून घडवलेले. ते हिरवळीसाठी बनतात. आमच्या मैदानावर तेव्हा गवताचं पातंही नव्हतं. तेल शिंपडून दाबलेल्या वाळूवर आम्ही चेंडू लोटायचो. तिथे चांगला पटर न्यायची माझी छाती नव्हती. ते कपाटात, नंबराची चिठ्ठी बांधून.

त्यातला सात नंबर मला एका स्कॉटिश इंजिनिअरने मायदेशी परतताना विकला. तरुणपणी तो एका नामवंत खेळाडूची बॅग वाहायचा. हा पटर एका अमेरिकन कारागिराने त्या खेळाडूसाठीच बनवलेला, असं त्याचं म्हणणं. कागद नव्हता. पुरावा पटरवरच होता: तळाला हाताने ठोकलेली त्या खेळाडूची आद्याक्षरं आणि कारागिराने मुद्दाम चढवलेला काळपट तपकिरी थर. मी त्या कारागिराला लिहिलं. सात महिन्यांनी उत्तर आलं. दिवसाच्या उजेडात काढलेले चार फोटो पाठवा, माझा असेल तर दाखला देतो. त्याखाली रेघ मारून लिहिलं होतं, पटर पुसू नका.

त्या शुक्रवारची माझी यादी: फुलं, पूजा, फोटो, जेवण. शस्त्रपूजेला पटर मांडायचे हे मीच ठरवलं होतं. मेहुण्याला ते कपाटातून काढायला सांगितलं आणि फुलं आणायला रुवीच्या बाजारात गेलो.

परत आलो तर सात नंबर स्टीलच्या तांब्यासारखा चमकत होता.

"दाजी, वर्कशॉपला आम्ही साधा पानासुद्धा मळका पूजत नाही," मेहुणा म्हणाला. "बाकीचे बरे होते. याची दशाच होती. पॉलिश पेपर मारला, मग ड्रिलला कापडी बफ लावून फिरवला. तासभर गेला."

"खालची अक्षरं?"

"ती होय? वाकडीतिकडीच होती. निघाली."

मुलगी पटर उलटा करून बघत होती. "मामा, बाबांचं ते अँटिक होतं. तू ते... रिमूव्ह केलंस?"

"अँटिक म्हणून काय घाण ठेवायची?"

"यांची शस्त्रं ना," बायको आतून म्हणाली. "लढाई कुठे आहे ते विचारू नकोस. आणि पूजा उरका आधी, पुऱ्या तळायच्यात."

सणाचा दिवस, बायकोचा भाऊ, आणि त्याने तासभर मान मोडून केलेलं काम. अकराही पटरना हळदकुंकू लावलं, फुलं वाहिली. जेवताना त्याने विचारलं, "आवडलं ना दाजी?" मी श्रीखंड वाढून घेतलं.

यादीत फोटो आधी लिहिले असते तर पंधरा मिनिटांचं काम होतं. नोकरीत आयुष्यभर मी दुसऱ्यांना कामांचा क्रम शिकवला.

पुढच्या शुक्रवारपर्यंत मस्कतच्या खारट हवेने आपलं काम केलं होतं. वरचा थर गेलेला, त्यात ओलं कुंकू. जिथे जिथे बोट लागलं होतं तिथे गंजाचा डाग. तरी फोटो काढले, घडलेलं सगळं लिहिलं आणि पाठवलं.

यावेळी उत्तर लवकर आलं. ठोकलेल्या अक्षराचा दाब धातूत खोलवर उरतो, त्याने लिहिलं होतं. पटरच पाठवा. ॲसिड लावलं की अक्षरं उमटतील. उमटली तर दाखला देईन. नाही उमटली, तर तो माझा नाही असं लेखी कळवीन.

झालं ते झालं म्हणून मेहुण्यालाही एकदा सगळं सांगून टाकलं. तो दोन आठवडे आला नाही. मग आला तो वर्कशॉपमध्ये बनवलेला लाकडी खोका घेऊन, आतून फोम लावलेला, पटरच्या मापाचा.

"दाजी, याच्यात घालून पाठवा. उमटतील अक्षरं. मी काही इतका खोल घासला नव्हता."

"उद्याच टाकतो," मी म्हणालो.

आज २००६. मेहुणा साताऱ्याला परत गेला. दर फोनला विचारतो, "पाठवलं का?" दरवेळी मी पोस्ट ऑफिसच्या वेळेचं काहीतरी सांगतो; कारागिराच्या पत्रातल्या 'नाही उमटली, तर'चा विषय काढत नाही. एकदा म्हणाला, "मी तिथे असतो तर मीच टाकलं असतं." खरं आहे, त्याने टाकलं असतं.

पटर खोक्यात आहे. खोक्याला खिळे मारलेत, पत्ता चिकटवलाय, कस्टमचा फॉर्म भरलाय. पार्सल टाकायचं राहिलंय.