बुडबुड्यांचा खरा वाटा

मालतीताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी तास संपवून विभागात येत होते. पलीकडे त्यांचे यजमान केशवराव. "सुधाबाई, मालती गेली," एवढंच म्हणाले. महिना उलटलाय, तरी प्रयोगशाळेच्या दारात मी अजून क्षणभर थांबते. आधी त्या आत जाणार, असं पायांना वाटतं...

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी नागपुरात रसायन तंत्रज्ञान शिकवायला लागले, तेव्हा त्या माझ्या वरिष्ठ होत्या. वर्ध्याकडच्या शेतकरी घरातल्या. वर्गात छापील मराठी बोलत, पण खुशीत आल्या की घरची बोली बाहेर पडे. एकदा भांडी घ्यायची म्हणून मला इतवारीच्या बाजारात घेऊन गेल्या आणि थांबल्या एका भंगारवाल्यापाशी. पंपातलं पितळी चक्र उचललं. त्याची पाती वाळवीने पोखरल्यासारखी झाली होती.

"बाई, हे काहून घेता? सडलं हाय ते," दुकानदार म्हणाला.

"सडलं नाही गा, बुडबुड्यांनी खाल्लं."

परतताना रिक्षात त्यांनी मला समजावलं. वाहत्या पाण्याचा दाब एकदम पडला की त्यात वाफेचे बारीक बुडबुडे उठतात, पुढे दाब वाढला की जागच्या जागी मिटतात, आणि त्या धक्क्याने धातूचे टवके उडतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात; पंपवाले त्याच्या नावाने बोटं मोडतात. मालतीताईंच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. साबण करताना तेल आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी एकमेकांत मिसळायला तयार नसतात, तासन्‌तास उकळावं लागतं. "जे पितळ फोडते, ते तेल काहून नाही फोडणार वं?"

मग पंप, नळ्या आणि भोकं पाडलेली पत्र्याची चकती जोडून त्यांनी स्वतःच यंत्र उभं केलं. ते सुरू झालं की नळीतून खडी वाहतेय असा आवाज यायचा. शेजारच्या वर्गातले प्राध्यापक हातात खडू घेऊन भांडायला यायचे. ताई त्यांना चहा पाजून परत पाठवायच्या. दोन वर्षांत असे आकडे हाती आले की आम्ही हरखून गेलो. न उकळता साबण! परिषदेत निबंध वाचायचं ठरलं. प्रपाठकाच्या जागेसाठी त्यांचं नाव पुढे होतं, आणि विभागप्रमुखांचा सगळा भर या निबंधावर होता.

परिषद तोंडावर आलेली, आणि एका सकाळी ताई नळीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "सुधा, हे तापून राहिलं. मग काम बुडबुड्यांचं, का पंपाच्या उष्णतेचं?"

मी म्हटलं, "ताई, हे परिषदेनंतर बघू ना."

"नंतर काहून?" त्यांनी बर्फ मागवला, नळ्या थंड ठेवल्या, प्रयोग पुन्हा केला. आकडे धाडकन खाली आले. बहुतेक सगळी करामत उष्णतेची होती. बुडबुड्यांचा वाटा थोडाच. पण होता. बुडबुडे तेल आणि पाणी इतकं बारीक घुसळत की दुसऱ्या कशाने तसं होत नव्हतं.

परिषदेत उभं राहून त्यांनी पहिले आकडे दाखवले आणि ते का चुकीचे, हे स्वतःच सांगितलं. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. प्रपाठकाची जागा दुसऱ्याला मिळाली. ताईंनी मात्र पुढची सगळी वर्षं त्या थोड्याशा वाट्यावर काढली. आज आमच्याकडे रंग आणि औषधी मलमं घुसळण्याचं जे काम चालतं, ते त्यावरच उभं आहे.

परवा मनीषनगरला त्यांच्या घरी गेले. मी केशवरावांना विचारलं, त्या परिषदेहून आल्यावर ताई खचल्या होत्या का?

"छे! पोटभर जेवली. म्हणाली, आता मले कोणाची भीती नाही."

आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो होतो, केशवरावांनी रेडिओ लावलेला होता. आवाज इतका बारीक की शब्द लागत नव्हते. मी म्हटलं, "भाऊजी, वाढवा ना थोडा."

त्यांनी बटणाला हात लावला. आतल्या खोलीकडे, ताईंच्या टेबलाकडे पाहिलं... "ती वाचून राहायची ना रोज या वेळेला," म्हणाले, आणि हात तसाच मागे घेतला.