पेरूच्या सीमेवरून आलेला फोन

मंडळी, आज संध्याकाळी बंगळुरात हेब्बाळच्या ट्रॅफिकमध्ये आम्ही नवरा-बायको ऑटोत अडकलो होतो, तेव्हा लेकीचा फोन आला. पाठीवर सॅक लावून ती एकटीच दक्षिण अमेरिका फिरतेय. पेरूच्या सीमेवर उभी होती, चालत बोलिव्हियात शिरणार होती.

"अप्पा, पलीकडे हे सिम चालणार नाही. जाते."

बायको ओरडली, "येते म्हण गं!"

"आई, मला पुढे जायचंय. इथे परत कशाला येऊ?"

फोन कट झाला. ती सीमेबद्दल बोलत होती. हिला ते घराबद्दल ऐकू आलं.

असल्या समजुतींची मी जन्मभर टिंगल केली. आज मात्र मीच मेसेज टाकला, "नुसतं 'येते' लिही." अजून पोचलेला नाही.

'जाते' म्हणून गेलेलं तुमच्याकडे कुणी परत आलं असेल, तर तेवढं कळवा.