एकशे पस्तीस मिलिमीटरची बैलजोडी

त्या काळी आमच्या धुळ्यात, देवपूर भागात, फोटोग्राफी फक्त तीन जणांना कळत होती, आणि ते तिघेही आम्हीच होतो.

पहिले देसले सर. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे आणि घरच्या मोरीत फोटो धुवायचे. रविवारी सर मोरीत शिरले की वहिनींना बारा वाजेपर्यंत आंघोळ मिळत नसे. (वहिनी आम्हाला चहा द्यायच्या, पण कप जरा जोरात टेकवायच्या.) दुसरा बापू. त्याचं औषधांचं दुकान होतं. बापूकडे कॅमेराच नव्हता, त्यामुळे त्याची मतं सर्वांत ठाम होती. तिसरा मी. सरकारी कचेरीत कारकून, गळ्यात रशियन कॅमेरा आणि अंगात वारं शिरलेलं.

दर रविवारी सरांच्या ओट्यावर बैठक भरायची. ओले फोटो दोरीला चिमट्यांनी लटकवायचे आणि खाली बसून एकमेकांची अक्कल काढायची.

"मधे शार्प आहे, पण कोपरे मऊ पडलेत."

"कोपऱ्यात आहे काय? भिंतच ना?"

"भिंत झाली म्हणून काय झालं? भिंतसुद्धा शार्प पाहिजे."

पांझरेचा पूल आम्ही इतक्या वेळा काढला होता की त्याचे दगड आम्हाला तोंडपाठ होते. त्याच सुमारास सरांनी मुंबईहून एकशे पस्तीस मिलिमीटरची टेलिफोटो लेन्स आणली. ती मफलरमध्ये गुंडाळलेली असायची. लांबचं जवळ आणते, आणि ज्याच्यावर फोकस धराल तेवढंच स्पष्ट ठेवून बाकीचं लोण्यासारखं विरघळवून टाकते, असं सर सांगायचे. बापूनं तिला हात लावण्याआधी हात धुतले. सत्यनारायणालाही तो एवढे धूत नसे.

आता माझी बहीण शोभा. ती बी.ए. झाली होती आणि तिच्यासाठी एरंडोलचं स्थळ आलं होतं. मुलगा शाळेत मास्तर, घरची शेती. त्यांच्याकडून निरोप आला, आधी मुलीचा फोटो पाठवा, पसंत पडला तर बघायला येऊ. याआधी दोन स्थळं फोटोवरूनच परत गेली होती. (ते फोटो मी काढले नव्हते, हे इथंच सांगून ठेवतो.) शोभा मला एकीकडे घेऊन म्हणाली, "दादा, हे स्थळ मला हवंय. मास्तर आहे, मला बी.एड. करू देईल. इतर कुणी करू देणार नाही. फोटो तेवढा नीट होऊ दे."

"स्टुडिओत काढ," नाना म्हणाले. नाना म्हणजे आमचे वडील. गावी शेती करायचे आणि मोजकंच बोलायचे.

"स्टुडिओत? ताजमहालाच्या पडद्यासमोर? प्लॅस्टिकच्या गुलाबाला हात लावून?" मी म्हणालो. "नाना, घरात कलावंत असताना?"

नानांनी घरात इकडेतिकडे पाहिलं, पण त्यांना कलावंत दिसला नसावा.

पुढच्या रविवारी आम्ही तिघे कलावंत लेन्स-मफलरसकट गावी आमच्या शेतावरच्या घरी दाखल झालो. शोभा आईची मोतिया रंगाची साडी नेसून दोन तास उन्हात उभी राहिली. आम्ही दोन तास वाद घातला. सर म्हणाले, लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेव. बापू म्हणाला, फोकस कसा येतो ते आधी लांबच्या वस्तूवर बघून घ्यावं. बांधापलीकडे शेजारी दगडूभाऊंची बैलजोडी लिंबाखाली उभी होती. बापूनं रिंग फिरवून बैलांवर फोकस धरला आणि तो कॅमेरा सोडेनाच. मग सरांनी पाहिलं. मग मी पाहिलं. बैलांच्या पापण्या मोजता येत होत्या.

"दादा, मी हसू का?" शोभानं विचारलं.

"थांब गं, हलू नकोस," मी म्हणालो आणि बटण दाबलं.

छत्तीस फोटो झाले. सरांच्या मोरीतून ते बाहेर आले तेव्हा आम्ही रीतसर निवड केली. बारा नंबरच्या फोटोत शोभा अगदी स्पष्ट, गोड हसत होती. तो पहिल्याच फेरीत बाद झाला.

"यात काय आहे?" बापू म्हणाला. "हा तर कुणीही काढेल."

बावीस नंबरचा मात्र दोरीवर चढला आणि आम्ही तिघे ओट्यावरून उठून उभे राहिलो. ते बैल! शिंगांवरचा उजेड, वशिंडाची सावली, नाकावरचा ओलावा! डावीकडे शोभा होती, पूर्ण विरघळलेली.

"आणि ही?" मी जरा चाचरत विचारलं.

"ती मूड आहे," सर म्हणाले.

तिघांनी मिळून ठरवलं, हाच. आजवर धुळ्यात असा फोटो झाला नाही. सरांनी तो दहा बाय आठ इंचांचा मोठा करून दिला, मी पुठ्ठ्यात बांधला आणि रजिस्टर पोस्टानं एरंडोलला धाडला. आपण फोटो कशासाठी काढत होतो, हे फोटो काढल्यापासूनच्या आठ दिवसांत तिघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. तशी आमची एकाग्रता मोठी.

दुसरी प्रत मी मोठ्या दिमाखात गावी घरी नेली. आईनं ती हातात घेऊन बराच वेळ पाहिली.

"बैल छान आलेत," आई म्हणाली. "शोभा त्या दिवशी नव्हती का रे?"

शोभानं फोटो पाहिला. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "दादा, हा गेला?"

"रजिस्टरनं," मी म्हणालो.

ती आत निघून गेली. सख्ख्या बहिणीचा चेहरा सोडून मी परक्याच्या बैलांच्या पापण्या मोजत बसलो होतो. नाना माझ्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत. एरवीही ते फार बोलत नसत, पण हे न बोलणं निराळं होतं.

एरंडोलहून पत्र आलं नाही. एका रविवारी मुलाचे वडीलच दारात उभे राहिले. त्यांना सगळे आबा म्हणायचे. पांढरं धोतर, टोपी, हातात पिशवी. मी सुटी म्हणून गावच्या घरी होतो. आई पाणी आणायला धावली, शोभा आतल्या दाराआड उभी राहिली.

"नाना, फोटो भेटना," आबा खाटेवर टेकत अहिराणीत म्हणाले. "बैल दखाले उनू."

फोटो मिळाला होता, आणि आबा बैल बघायला आले होते. नानांनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"ज्याना दारमा असा बैल शेतस, त्या घरनी पोर वाईट कशी ऱ्हाई?" आबांनी खुलासा केला. दारात असे बैल असले की पोरही चांगलीच, असा त्यांचा हिशेब. "कोठे शेतस बैल?"

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. दगडूभाऊ आणि नाना यांचं बांधावरून बिनसलं होतं आणि दोघं वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. पण टेलिफोटो लांबचं जवळ आणते. तिनं दगडूभाऊंची बैलजोडी बांधावरून उचलून थेट आमच्या अंगणात आणून बांधली होती. कोर्टानंही एवढं आमच्या बाजूनं दिलं नसतं.

नाना काही बोलायच्या आत आबांना समोर लिंबाखाली बैल दिसले. आबा उठले ते थेट बांध ओलांडून गेले. त्यांनी एका बैलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि दुसऱ्याचे दात बघायला त्याचं तोंड उघडलं. त्याच वेळी विहिरीकडून दगडूभाऊ आले.

"ओ पाव्हणा! मना बैलेसले हात लावू नका."

आबांनी बैलाचं तोंड सोडलं आणि वळून नानांकडे पाहिलं. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी चपलांकडे पाहिलं. संपलं, मी मनात म्हणालो. बैल मागून आणून पोर खपवणारं घर, असा आमचा लौकिक आता एरंडोलपर्यंत जाणार आणि शोभाचं बी.एड. त्या लेन्सच्या मफलरमध्ये गुंडाळलं जाणार.

एवढ्यात शोभा बाहेर आली. पदर खोचून सरळ बांधावर गेली. ती शिकली धुळ्यात, पण वडीलधाऱ्यांशी अहिराणीतच बोलायची.

"आबा, त्या बैल दगडूकाकाना शेतस. आमना घर एक म्हैस शे. आनि फोटोमा डावीकडे धूर दिखस ना, ती मी शे."

आबांनी पिशवीतून फोटो काढला. एकदा फोटोकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं.

"आमले वाटनं, फोटो पानीमा भिजना," ते धुराच्या डागावर बोट ठेवून म्हणाले.

पहिले हसले ते दगडूभाऊ. हसता हसता ते बांधावरच बसले. मग आबा हसले. मग वर्षभरानं नाना दगडूभाऊंच्या शेजारी बसून हसले. मी हसलो नाही, कारण तेवढ्यात आबांनी विचारलं, "फोटो कोनी काढा?" आणि सगळ्या घरानं माझ्याकडे बोट दाखवलं.

आबा शोभाला म्हणाले, "पोर, तू बठ्ठं खरं सांगी दिनं. मना पोऱ्याले धाडस दखाले." म्हणजे तिनं सगळं खरं सांगितलं म्हणून ते मुलाला बघायला पाठवणार होते.

"माले बी.एड. करनं शे, आबा," शोभा लगेच म्हणाली. उशीर केला तर दादा आणखी काहीतरी करून ठेवेल, अशी तिला भीती असावी.

"पोऱ्या मास्तर शे. त्याले पुस्तकंच दिखतस," आबा म्हणाले.

तिचं लग्न झालं, बी.एड. झालं, पुढं ती शाळेत मुख्याध्यापिका झाली. नाना-दगडूभाऊंचा बांध होता तिथंच राहिला, पण चहा दोन्हीकडे सुरू झाला. आज सर नाहीत. वहिनींनी मोरीत नव्या फरश्या बसवल्या, तेव्हा सांगितलं की औषधांचा वास काही जात नाही आणि आता तो जावा असंही वाटत नाही. बापूकडे अजून कॅमेरा नाही आणि मतं अजून तशीच आहेत. मला ते रविवार फार आठवतात. तिघे मिळून एवढे शहाणे पुन्हा कधी झालो नाही.

आणि तो फोटो? आबांनी तो काच लावून फ्रेम करून घेतला. माझ्या हातचा फ्रेम होऊन भिंतीवर लागलेला तो एकमेव फोटो. ती भिंत गोठ्याची आहे. परवा पोळ्याला मी एरंडोलला गेलो होतो. शोभानं खऱ्या बैलांची पूजा केली आणि मग फोटोतल्या दोघांच्या कपाळालाही काचेवरून कुंकू लावलं.

मी जरा भावुक होऊन म्हणालो, "शोभा, आज स्वतःलाही एक बोट लाव. तूही आहेस त्या फोटोत."

ती काचेजवळ जाऊन बराच वेळ डावीकडे बघत राहिली.

"लावलं असतं रे दादा," ती म्हणाली. "पण कपाळ कुठंय, ते तूच दाखव."

मी चष्मा पुसून शोधलं. मलाही सापडलं नाही.