पत्र्याखाली ताठ राहिलेली

मेणबत्त्या करणारी माणसं स्वभावानं मऊ असतात, असा माझा समज होता. शेजारच्या ताईंनी तो एका मोसमात वितळवून टाकला.

ताईंचं काम दोन खोल्यांत चाले. पुढच्या थंड खोलीत साचे, वातींची रिळं आणि मेणाची कढई. मागच्या खोलीवर पत्र्याखालचा माळा. विक्री थंडीत, पण तयारी भर उन्हाळ्यात. नवा नमुना केला की ताई तो माळ्यावर उभा करून ठेवत. ताठ राहील तो पास, कंबर टाकेल तो परत कढईत. ही परीक्षा त्यांनी कधी कुणाला सांगितली नव्हती.

नेमके याच दिवसांत ताईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान टपकत. धंदा त्यांचाही मेणबत्त्यांचाच. फरक एवढाच, की ताई नमुने डोक्यातून काढत आणि भावोजी ताईंच्या टेबलावरून. 'सहज आलो होतो' म्हणत, आणि सहजच सगळं टिपून जात. गेल्या वर्षी ताईंची पाकळ्यांची मेणबत्ती त्यांनी पंधरा दिवस आधीच कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानाच्या काचेत नेऊन मांडली. ताई माल घेऊन गेल्या, तर दुकानदार म्हणाला, "बाई, नक्कल ठेवत नाही आम्ही."

नक्कल! दहा वर्षं ती काच ताईंची होती. ताई घरी आल्या, चपला जोडीनं नीट लावल्या आणि कामाला बसल्या. त्यांना ओळखणारा माणूस एवढ्यानंच घाबरला असता. भावोजी मजेत होते.

यंदाच्या उन्हाळ्यात ताईंनी हातभर उंच, सडपातळ, पिळाची मेणबत्ती केली. मुद्दाम मऊ मेणाची. म्हणून तर काय तिची झळाळी! माळ्यावर तिनं दुपारी दोनलाच मान टाकली. ताई खूश. लगेच तिच्या चार जुळ्या बहिणी पुढच्या खोलीत टेबलावर मांडल्या, आणि शेजारी एक तुटका तुकडा ठेवला. खिशात मावेल एवढाच, पण मेण ताडायला पुरेल असा.

"ताई, काय सुरेख झालीये हो! यंदाची हीच का?" भावोजी सहज आले होते.

"बघू. अजून कशात काही नाही."

"नाही, मला काय करायचंय! नुसतं बघतोय."

"बघा की. डोळ्यांना कोण अडवतंय?"

भावोजी गेले, तुकडाही गेला.

पावसाळा सरला आणि मोठ्या दुकानाच्या काचेत पिळाच्या चाळीस मेणबत्त्या रांगेत उभ्या राहिल्या. ताई आपल्या वाट बघत बसल्या. पाऊस जाऊन थंडी यायच्या मधे ऊन एकदा मागे फिरून येतं, हे मेणात हात घालणाऱ्याला ठाऊक असतं. भावोजींचे हात त्या दिवसांत मोकळे असत. काम आयतं, म्हणून लवकर आटोपलेलं; ते ऊन त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

ऊन परतल्याच्या तिसऱ्या दुपारी चाळीसच्या चाळीस मेणबत्त्या रस्त्याकडे वाकल्या, जणू येणाऱ्याजाणाऱ्यांची माफी मागताहेत. ताईंनी त्या दिवशी भाजीसाठी पाच चकरा मारल्या. पिशवी पाचही वेळा रिकामी आली.

चौथ्या दिवशी दुकानदार घाम पुसत दारात. "बाई, तुमचं काही तयार आहे का?"

ताईंनी त्याला माळ्यावर चढवलं. कोपऱ्यात पाकळ्यांची मेणबत्ती उभी होती, अंगावर धुळीचा थर. "ही माझी नक्कल. तीन उन्हाळे इथं ताठ आहे. तुमच्या अस्सलवाल्यानं ती गेल्या वर्षी पाहिली."

दुकानदार खाली उतरेपर्यंत काच ताईंची झाली होती.

संध्याकाळी भावोजी बायकोला पुढे घालून आले. "ताई, मेण मऊ आहे एवढं सांगायचं तरी!"

"कुणाला सांगू? तुम्हाला तर काही करायचं नव्हतं."

धाकटी मधे पडली. "जाऊ दे ना गं ताई, घरचेच आहेत."

"म्हणून तर एकाच मोसमावर भागवलं," ताई म्हणाल्या. "परका असता तर तीन घालवले असते."