पेरू देशाचं मडकं

वडील ठाण्याच्या कचेरीत कारकून होते. त्यांचा साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याने सामान वाटून टाकलं. कुणाला खुर्ची मिळाली, कुणाला कंदील. आमच्या वाट्याला आलं एक मडकं. आमचं नशीबच तसं. पण त्या मडक्याला माणसाचा चेहरा होता. फुगरे गाल, अर्धवट मिटलेले डोळे, लांब कान आणि आता हसेल की रडेल कळू नये असे ओठ. साहेब म्हणाला होता, हे समुद्रापलीकडच्या पेरू देशातलं, तिथल्या इंका राजांच्या वेळचं, फार जुनं. वडिलांनी ही हकिकत आमच्या साऱ्या कोपरी गावाला ऐकवली.

आत्याला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. ती बालविधवा, आमच्याकडेच राहायची, आणि सोवळ्याओवळ्यात भटजीसुद्धा तिला वचकून असत. "कोण कुठले राजे, काय खात होते कोण जाणे. मातीचं भांडं ते, घरात नको," म्हणाली. म्हणून मडकं ओटीवरच्या कोनाड्यात बसलं.

माझा धाकटा भाऊ हुबेहूब तसाच दिसायचा. गाल तेच, झोपाळू डोळे तेच. आम्ही चिडवलं की तो कोनाड्यापुढे उभा राहून तसेच ओठ करून दाखवायचा. आत्यासुद्धा पदराआड हसायची.

भाद्रपदात तो तापाने गेला. त्याची मुंज व्हायची होती, त्यामुळे सुतकही लवकर फिटलं. याचा मला आजही राग येतो. मोठ्या माणसासाठी घर दहा दिवस थांबतं, लेकरासाठी तेवढंही नाही. त्याचा फोटो नव्हता. आमच्यासारख्यांकडे तेव्हा कोण फोटो काढत होतं?

सुतक फिटलं की घरातली मातीची भांडी टाकून द्यायची, हा रिवाज. आत्याने पाण्याचे माठ, दह्याचं गाडगं, सगळं अंगणात आणलं. गडी ते खाडीवर नेऊन फोडणार होता. मग ती कोनाड्याकडे वळली. आई खांबाला टेकून बसली होती. ती नुसती आत्याच्या हातांकडे बघत राहिली. आत्याला अडवायचा वडिलांनाही धीर झाला नाही.

आत्याने मडकं उचललं. त्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिली. मग गड्याला म्हणाली, "हे राहू दे. हे दगडाचं आहे."

वडीलही म्हणाले, "हो, दगडाचंच."

आत्याने ते आईच्या मांडीवर ठेवलं. आईने शेजारच्या तांब्यात पदराचं टोक बुडवलं आणि हळूहळू त्याचे गाल पुसले.