वीस नखांचं कासव

१९७४ सालच्या फेब्रुवारीतला पहिला रविवार. रक्कम एकशे एक रुपये. हजर मी, माझी बायको, वाईजवळच्या गावाहून आलेला तिचा धाकटा भाऊ आणि त्याने आणलेला एक पाहुणा. सांगलीतल्या आमच्या भाड्याच्या घराच्या परसात पाहुण्याने कासव उचललं, त्याचे पुढचे पाय निरखले आणि नोटा काढल्या.

मी नको म्हणालो. कासव मुलीचं होतं. शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी ती त्याला मेथी नाहीतर जास्वंदीचं फूल घालायची. शिवाय कासवाला एकशे एक रुपये देणारा माणूस मला सरळ वाटला नाही.

पाहुणा गेला, मेव्हणा मागे राहिला.

"दाजी, परस लय बारकं हाय. आमच्या मळ्यात सुखानं ऱ्हाईल की."

"तुला कासवाचा कळवळा कधीपासून?"

"आवं, मुका जीव हाय त्यो."

"मग तुझा पाहुणा नखं कशाला मोजत होता?"

तो चपला शोधू लागला. शेवटी बायकोने खडसावल्यावर बोलला. वीस नखांचं कासव पुरलेलं धन दाखवतं, असं पाहुण्याला कुणीतरी सांगितलं होतं.

"आणि धन सापडल्यावर कासवाचं काय?"

"द्यावं लागतं काय तरी."

काय द्यावं लागतं ते मी पुन्हा विचारलं नाही. परसाच्या गल्लीकडच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कचेरीत बरोबर नेऊ लागलो.

पुढच्या रविवारी मेव्हणा काकड्या घेऊन आला. एरवी तो रिकाम्या हाताने यायचा. पाहुणा कोपऱ्यावर उभा होता. त्यालाही मी आत बोलावलं.

मुलीने कासवाला परातीत कोमट पाण्यात ठेवलं होतं. पाण्यात ते चारही पाय बाहेर काढतं.

"मोजा," मी म्हणालो.

पुढे पाच-पाच, मागे चार-चार. अठरा. गेल्या खेपेला मागचे पाय कवचात होते, म्हणून पाहुण्याने पुढच्या दहाची दुप्पट केली होती.

"दोन तुमी काढलीसा," तो म्हणाला.

"जखम दाखवा."

जखम नव्हती. तो मेव्हण्याकडे वळला. "माजं पंच्याहत्तर काढ."

"कसले पंच्याहत्तर?" बायकोने विचारलं.

"कासवाचा इसार घेतलावता, आक्का," मेव्हणा खाली बघत म्हणाला. "खर्चलं."

"मग कासव द्या," पाहुणा म्हणाला. "अठरा तर अठरा."

मुलीने निथळतं कासव छातीशी धरलं. मी आत जाऊन पैसे आणले आणि पंच्याहत्तर रुपये सगळ्यांदेखत पाहुण्याच्या हातावर मोजले. मेव्हण्याला परतीच्या एसटीचं भाडं मी दिलं नाही. ते बायकोने दिलं असावं, असा माझा अजून संशय आहे.